मतपत्रिकेवर नाव कुणाचं? मेरी मॅकार्थर, १९१८ आणि आजचा उमेदवारी अर्ज

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव, आधारवरचं नाव, मतदार यादीतलं नाव आणि सोसायटीत लोक हाक मारतात ते नाव. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कितीतरी बायकांची ही चार नावं एकमेकांशी जुळत नाहीत. एरवी त्यावाचून फारसं अडत नाही. लोकसभेला किंवा विधानसभेला उभं राहायचं ठरलं, की अडायला लागतं. कागदावर उमेदवार म्हणजे एक नाव, एक यादी भाग क्रमांक आणि एक अनुक्रमांक. ते नाव कोणतं, हे ठरवण्याचा हक्क कुणाचा, हा वाद ब्रिटनमध्ये बायका पहिल्यांदा संसदेसाठी उभ्या राहिल्या त्याच निवडणुकीत झाला. म्हणून आधी त्या निवडणुकीतल्या एका उमेदवाराची गोष्ट समजून घेऊ आणि मग आजच्या अर्जाकडे येऊ.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९१८ मध्ये ३० वर्षांवरच्या आणि मालमत्तेची ठरावीक अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. मत देता येतं म्हणजे उभंही राहता येतं का, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं. ते २१ नोव्हेंबर १९१८ च्या एका छोट्या कायद्यानं दिलं. त्याचा गाभा एका वाक्यात मावतो: स्त्री असल्यामुळे किंवा विवाहित असल्यामुळे कुणीही हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून येण्यास अपात्र ठरणार नाही. 'विवाहित असल्यामुळे' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांची गरज पडेल. या कायद्यात स्त्रियांसाठी वयाची वेगळी अट घातलेली नव्हती. त्यामुळे २१ वर्षांची मुलगी खासदार होऊ शकत होती, पण स्वतःला मत देऊ शकत नव्हती.

कायदा झाल्यावर चारच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, संसद विसर्जित झाली. अर्जांचा दिवस ४ डिसेंबर आणि मतदान १४ डिसेंबर. तयारीला जेमतेम तीन आठवडे मिळाले, तरी १७ स्त्रिया उभ्या राहिल्या. अनामत रक्कम १५० पौंड होती आणि झालेल्या मतांच्या एक अष्टमांशही मतं न मिळाल्यास ती जप्त व्हायची. मजुरी करणाऱ्या बाईनं आयुष्यात एकदाही एकत्र न पाहिलेली ही रक्कम होती. सतरा जणींपैकी एकच निवडून आली, डब्लिनमधून कॉन्स्टन्स मार्केविच. ती तेव्हा लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होती. तिच्या आयरिश पक्षाचा लंडनच्या संसदेवर बहिष्कार असल्यानं ती सभागृहात कधी बसलीच नाही. उरलेल्या सोळा पराभूतांमध्ये मेरी मॅकार्थर होती.

कापड दुकानातली हिशेबनीस

मेरीचा जन्म १३ ऑगस्ट १८८० चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातला. वडिलांचा कापडाचा धंदा होता. घर खाऊनपिऊन सुखी आणि मतांनी जुन्या वळणाचं. पुढे ती एअर या गावातल्या वडिलांच्या दुकानात हिशेब लिहायला बसू लागली. १९०१ च्या सुमारास दुकानातल्या नोकरांच्या युनियनची गावात सभा भरली. युनियनवर तिचा विश्वास नव्हता, पण ती ऐकायला गेली आणि सभेतून उठली तेव्हा तिचं मत बदललेलं होतं. थोड्याच काळात ती एअर शाखेची अध्यक्ष झाली. दुकानदाराची मुलगी दुकानातल्या नोकरांची पुढारी झाली, यावर घरात काय बोलणं झालं असेल, हे आपल्याकडच्या कोणत्याही व्यापारी कुटुंबाला सांगायला नको.

१९०३ मध्ये ती लंडनला गेली आणि विमेन्स ट्रेड युनियन लीगची सचिव झाली. तिथे तिला खरी अडचण कळली. लीग स्वतः युनियन नव्हती, छोट्याछोट्या युनियनना मदत करणारी संस्था होती. बायकांची एकेक युनियन इतकी लहान असायची की पहिल्याच संपात तिची तिजोरी रिकामी व्हायची. पुरुषांच्या अनेक युनियन बायकांना सभासदच करून घेत नसत. यावर तिनं १९०६ मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ विमेन वर्कर्स काढली. कोणत्याही धंद्यातली, कोणत्याही गावातली कामगार बाई हिची सभासद होऊ शके आणि संपाचा निधी सगळ्यांचा मिळून एक. पुढच्या वर्षी तिनं 'वुमन वर्कर' नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं.

ती घराघरात पोचली ती १९१० मधल्या क्रेडली हीथच्या संपामुळे. इंग्लंडच्या मध्यभागी, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, हा साखळ्या बनवणाऱ्यांचा भाग. जहाजांच्या जाड साखळ्या कारखान्यात पुरुष घडवायचे. बारीक साखळ्या बायका घरामागच्या शेडमध्ये, छोट्या भट्टीवर, हातोड्यानं कडी कडी ठोकून जोडायच्या. लहान मुलं तिथेच भट्टीशेजारी वाढायची. आठवड्याची कमाई पाच शिलिंगांच्या आसपास होती.

१९०९ च्या ट्रेड बोर्ड्स कायद्यानं अशा मोजक्या धंद्यांसाठी किमान मजुरी ठरवणारी मंडळं नेमली. साखळीच्या मंडळानं तासाला अडीच पेन्स हा दर ठरवला. हिशेब करून पाहा. त्या काळी १२ पेन्सचा एक शिलिंग. आठवड्याला ५४ तास धरले तर अडीच पेन्सनं १३५ पेन्स होतात, म्हणजे ११ शिलिंग ३ पेन्स. कमाई एका फटक्यात दुपटीच्या वर जाणार होती.

कायद्यात एक फट होती. कामगारानं स्वतः लिहून दिलं तर नवा दर सहा महिने पुढे ढकलता येत असे. मालकांनी असे कागद तयार केले आणि लिहितावाचता न येणाऱ्या बायकांकडून त्यांवर सह्या घेतल्या. दरम्यान स्वस्तात माल भरून ठेवायचा, म्हणजे सहा महिन्यांनी काम मागायला बायकाच दाराशी येतील, असा त्यांचा बेत होता. कागदावर काय लिहिलंय हे सही करणाऱ्याला न कळणं, ही या लेखात पुन्हा भेटणारी गोष्ट आहे.

ऑगस्टमध्ये संप सुरू झाला. मेरीनं पैसा उभा करण्यासाठी वर्तमानपत्रांबरोबर त्या वेळी नवलाईची असलेली फिल्मसुद्धा वापरली. भट्टीवर राबणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची दृश्यं चित्रपटगृहांमध्ये दाखवली गेली आणि निधी सुमारे ४,००० पौंडांवर गेला. दहा आठवड्यांनी, २२ ऑक्टोबर १९१० रोजी, शेवटच्या मालकानं नवा दर मान्य केला. उरलेल्या निधीतून क्रेडली हीथमध्ये कामगारांसाठी सभागृह बांधलं, ते १९१२ मध्ये सुरू झालं. संघटनेची तिची पद्धत इथे स्पष्ट दिसते: आधी दर कागदावर आणायचा, मग तो पदरात पडेपर्यंत चूल पेटती ठेवण्याइतका पैसा हाताशी ठेवायचा.

१९११ मध्ये तिनं मजूर चळवळीतलेच विल्यम क्रॉफर्ड अँडरसन यांच्याशी लग्न केलं. पहिलं मूल जन्मतःच गेलं, १९१५ मध्ये मुलगी झाली. काम मात्र ती मेरी मॅकार्थर याच नावानं करत राहिली. सभा, पत्रकं, वाटाघाटी, सगळीकडे हेच नाव होतं.

तीन नावांची मतपत्रिका

१९१८ मध्ये मजूर पक्षानं तिला क्रेडली हीथला लागून असलेल्या स्टाउरब्रिज मतदारसंघात उभं केलं. साखळीवाल्या बायकांचा लढा या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होता. अर्ज भरताना निवडणूक अधिकाऱ्यानं मात्र आग्रह धरला की मतपत्रिकेवर विवाहित नावच येईल, मिसेस डब्ल्यू. सी. अँडरसन. त्यातली आद्याक्षरंसुद्धा नवऱ्याची. तिचं स्वतःचं एकही अक्षर त्या नावात उरलं नाही.

याचं गांभीर्य कळायला त्या काळची ब्रिटिश मतपत्रिका डोळ्यांसमोर आणावी लागेल. तिच्यावर चिन्ह नसे, फोटो नसे, पक्षाचं नावही नसे. उमेदवाराच्या वर्णनात पक्षाचं नाव लिहिण्याची मुभा ब्रिटनमध्ये थेट १९६९ च्या कायद्यानं मिळाली. १९१८ मध्ये मतदाराच्या हातात उमेदवाराचं नाव, पत्ता आणि व्यवसाय एवढंच होतं. नावं आडनावाच्या वर्णक्रमानं लावली जात. रिंगणात फिशर, विल्सन आणि मेरी असे तिघे होते. मॅकार्थर म्हणून ती मधे आली असती, अँडरसन झाल्यामुळे ती सर्वांत वर गेली. आज कुणीही पहिल्या क्रमांकाला नशीब म्हणेल. पण 'मॅकार्थर' शोधत आलेल्या, नुकतंच मत मिळालेल्या बाईला पहिल्या ओळीत अनोळखी नाव दिसणार आणि ओळखीचं नाव खालपर्यंत कुठेच सापडणार नाही.

सैनिकांची मतं यायची होती म्हणून मोजणी २८ डिसेंबरला झाली. मेरीला साडेसात हजारांहून अधिक मतं पडली, एकूण मतांच्या जवळजवळ एक तृतीयांश. ती दुसरी आली, अनामत वाचली, जागा गेली. केवळ नावामुळे हरली असं म्हणणं मात्र चुकीचं होईल. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, युद्धाला विरोध करणाऱ्यांवर लोकांचा राग होता, तिच्या नवऱ्याची गणना त्या विरोधकांत होत होती आणि त्याचीही शेफील्डमधली जागा याच निवडणुकीत गेली. त्याचंच नाव तिच्या कपाळी लावल्यानं तो रागही तिच्या वाट्याला आला. मला यातली सर्वांत जिव्हारी लागणारी बाब हीच वाटते. विवाहामुळे कुणी अपात्र ठरणार नाही, असं कायदा सांगत होता आणि त्याच कायद्याखालच्या पहिल्या निवडणुकीत लग्नाच्या आधारे तिची ओळख काढून घेतली गेली.

पुढचं थोडक्यात. फेब्रुवारी १९१९ मध्ये नवरा इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला. १ जानेवारी १९२१ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी, मेरी कर्करोगानं गेली.

इकडे यादीतच नाव नव्हतं

आपल्याकडे कमलादेवी चट्टोपाध्याय १९२६ मध्ये मद्रास विधान परिषदेसाठी मंगळूरकडून उभ्या राहिल्या आणि अगदी थोड्या मतांनी हरल्या. देशात विधिमंडळासाठी लढलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या होत. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत मराठी मुलखातून दक्षिण पुण्यातून इंदिराबाई मायदेव आणि नागपूरहून अनसूयाबाई काळे निवडून गेल्या. मुंबई उपनगरातून जयश्री रायजी आल्या.

त्या पहिल्या निवडणुकीत नावाचा गुंता उमेदवारापर्यंत पोचण्याआधीच, मतदार यादीत झाला. यादी करणारे दारात आले की उत्तरेकडच्या अनेक बायका स्वतःचं नाव सांगत नसत. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच लिहून घेतलं जाई. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की मतदाराची नोंद स्वतःच्या नावानंच हवी. दुरुस्तीची संधी देऊनही जिथे नाव मिळालं नाही त्या नोंदी गाळल्या गेल्या. देशभरातल्या सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख नावं अशी गेली, बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातली. त्या वेळी हा निर्णय कठोर वाटला. तरीही तो योग्य होता. 'अमक्याची बायको' ही नोंद चालवून घेतली असती, तर पुढच्या कितीतरी निवडणुकांत तीच चालली असती. आपल्याकडे उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायची हौस आहे. यादी मागते ते तिचं स्वतःचं नाव.

मतदानाच्या खोलीत मात्र नाव वाचण्याची गरज नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं आणि मतदारानं कोरी पत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. ठाण्यापासून जवळच, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात, अशा १२ लाखांहून जास्त पेट्या तयार झाल्या होत्या. निरक्षर मतदारासाठी केलेल्या या सोयीमुळे स्टाउरब्रिजसारखा घोळ इथे होण्याचं कारण उरलं नाही. चिन्ह आजही आहेच, शिवाय २०१५ पासून मतदान यंत्रावरच्या पत्रिकेवर उमेदवाराचा फोटोही असतो. एकाच नावाचे दोन उमेदवार उभे करून मतं फोडण्यावर हा उतारा आहे.

आता ठाण्यातला अर्ज

पहिली पायरी अर्जाच्या कित्येक महिने आधीची, मतदार यादीतली स्वतःची नोंद पाहणं. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललं असेल, इंग्रजीतून मराठीत येताना अक्षरं बिघडली असतील, पत्ता बदलला असेल, तर नमुना ८ भरायचा. त्याला विवाह नोंदणी दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र असा पुरावा जोडावा. माहेरच्या पत्त्यावरची जुनी नोंद तशीच राहून सासरी नवी झाली असेल, तर जुनी नमुना ७ देऊन काढून टाका. दोन ठिकाणी नाव असणं कायद्याला मान्य नाही आणि विरोधक नेमकं तेच शोधून काढतात. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की निवडणूक होईपर्यंत यादीत काहीही बदलत नाही, म्हणून हे काम शेवटावर ठेवू नये.

नंतर मतदारसंघ. इथे ठाणेकरांची हमखास चूक होते. ठाणे लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. कळवा आणि मुंब्रा ठाणे महापालिकेत असले तरी लोकसभेला कल्याणमध्ये मोडतात. खारघर, कामोठे आपण नवी मुंबई म्हणतो, पण तिथला मतदार पनवेल विधानसभेचा आणि लोकसभेला मावळचा. स्वतः उमेदवार देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाची मतदार असली तरी चालते. मात्र ती ठाणे लोकसभेबाहेरची मतदार असेल, तर आपल्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत तिनं अर्जाबरोबर किंवा निदान छाननीच्या वेळी द्यायला हवी. सूचकांचं, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांचं, तसं नाही. ते त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्ष किंवा बाकीच्यांना दहा लागतात. दहापैकी एक मैत्रीण कळव्याची निघाली, तर दहाचे नऊ होतात आणि अर्ज बाद होतो. यावर उपाय सोपा आहे: वीस-बावीस जणांची यादी आधी तपासून ठेवा, प्रत्येकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीतून उतरवा आणि चार अर्ज भरायची परवानगी असते तिचा उपयोग करून दोन संच वेगवेगळ्या सूचकांचे द्या. अनामत एकदाच भरावी लागते.

लोकसभेसाठी वय किमान २५. अर्ज नमुना २अ मध्ये, विधानसभेसाठी २ब मध्ये. अनामत लोकसभेला २५,००० रुपये आणि विधानसभेला १०,०००. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी, पण स्त्रियांना म्हणून सवलत नाही. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली किंवा उमेदवार निवडून आली, तरच अनामत परत मिळते. १९५१-५२ मध्ये लोकसभेची अनामत ५०० रुपये होती. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच घेतात. निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं.

नमुना २अ मध्ये उमेदवाराच्या नावाखाली वडील, आई किंवा पती यांपैकी एकाचं नाव मागितलेलं असतं. यांपैकी कोणतंही चालतं. पतीचंच द्यायला हवं, असं सांगणारा कार्यकर्ता चुकतो. आईचं नाव लिहिलं म्हणून कुणाचा अर्ज अडत नाही.

बायकांचे अर्ज खऱ्या अर्थानं अडकतात ते नमुना २६ वर, म्हणजे प्रतिज्ञापत्रावर. त्यात स्वतःबरोबर पतीचं आणि अवलंबितांचं पॅन, मागच्या पाच वर्षांचं उत्पन्न, ठेवी, दागिने, जमीन, कर्ज हे सगळं द्यावं लागतं. ज्या घरात नवऱ्याचा व्यवहार बायकोला माहीत नसतो, तिथे शेवटच्या रात्री कुणीतरी आकडे भरतं आणि ती सही करते. क्रेडली हीथच्या बायकांच्या सह्यांची आठवण इथे होते. खोट्या किंवा दडवलेल्या माहितीची जबाबदारी सही करणारीची असते. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहायचं. कोरे रकाने दिसले की अधिकारी लेखी सूचना देऊन पूर्ण करायला सांगतात आणि तरी भरले नाहीत तर अर्ज फेटाळला जातो. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची असते, तीही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. ही शपथ विसरून बाद होणारे अर्ज प्रत्येक निवडणुकीत असतात.

नावातल्या बारीक चुकांना मात्र कायद्याचं संरक्षण आहे. यादीत आडनाव माहेरचं आणि अर्जात सासरचं आहे, एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला आहे, पण व्यक्ती तीच आहे हे उघड आहे, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी अशी चूक दुरुस्त करू द्यायची किंवा सोडून द्यायची असते. किरकोळ त्रुटीवर अर्ज फेटाळता येत नाही. तरी हुज्जत टाळायची असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा कागद फाइलमध्ये ठेवावा.

मेरी मॅकार्थरला जे मिळालं नाही, ते आपल्या १९६१ च्या निवडणूक नियमांत आठव्या नियमात आहे. आपलं नाव चुकीचं लिहिलं गेलं असेल किंवा लोक आपल्याला ज्या नावानं ओळखतात ते वेगळं असेल, तर उमेदवार तसं लेखी कळवू शकते. अधिकाऱ्यांची खात्री पटली की यादीत तेच नाव येतं. लग्नात शैलाची शुभांगी झाली, पण बचत गटात, शाळेत आणि मोर्चात सगळे शैलाताईच म्हणतात, तर हा मार्ग वापरायचा. पुरावा म्हणून त्या नावानं छापलेली पत्रकं, बातम्या, जुन्या निवडणुकीची कागदपत्रं आधीपासून जमवून ठेवावीत. नावांचा क्रम मराठी वर्णमालेप्रमाणे लागतो आणि दिलेल्या नावाचं पहिलं अक्षर धरलं जातं, मग ते आडनावाचं असो की स्वतःच्या नावाचं. मात्र आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणीकृत पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, असे तीन गट केलेले असतात. आडनाव आधी लिहायचं की नाव, हे म्हणूनच अर्ज भरतानाच ठरवायला हवं.

यासाठीची वेळ फार थोडी असते. अर्जांचा शेवटचा दिवस झाला की दुसऱ्या दिवशी छाननी आणि त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी तीनला माघारीची मुदत संपते. लगेच नमुना ७अ मध्ये लढणाऱ्या उमेदवारांची अंतिम यादी तयार होते आणि मतदान यंत्रावरची पत्रिका तिच्यावरूनच छापली जाते. नावाबद्दलचा लेखी अर्ज त्या यादीच्या आधी पोचलेला हवा आणि त्याच्या पोचेवर तारीख व वेळ घेतलेली हवी. माघारीच्या दिवशी उमेदवारानं किंवा तिच्या प्रतिनिधीनं तीनच्या आधी कार्यालयात हजर राहावं आणि आपलं नाव यादीत कोणत्या अक्षरांत चढतंय, ते काना-मात्रेसकट वाचून पाहावं.